पहिलं जातिवंत पिल्लू घेताय? आधी त्याची आई पाहा

घरात पहिलं कुत्रं आणायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी क्रम ठरलेला असतो. आधी जात ठरते, मग रंग ठरतो, मग मोबाइलवर पिल्लाचा फोटो येतो आणि मुलांच्या हट्टापुढे त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम जाते. आजारांची चौकशी होते ती वर्षा-दीड वर्षाने, लॅब्रेडॉर जिना चढताना मागच्या पायांनी अडखळायला लागला किंवा पग मे महिन्यात जीभ जांभळी पडून कोसळला की मग. तोवर घरच्यांचा त्याच्यावर जीव जडलेला असतो आणि त्याच्या शरीराची घडण काही आता बदलत नाही.

यातले बरेच आजार पिल्लू जन्माला येण्याआधीच ठरलेले असतात. म्हणून सगळी खटपट पिल्लू घरी येण्याआधी करायची आहे. खाली ती क्रमाने लिहिली आहे.

पहिली पायरी: जातीचा आजार आधी, जातीचं रूप नंतर

कुत्र्यांच्या आजच्या बहुतेक जाती नोंदवहीत बंदिस्त झाल्या त्याला दीडशे वर्षांच्या आसपास झाली. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला, प्रदर्शनं भरू लागली आणि प्रत्येक जातीचं 'आदर्श' रूप कागदावर उतरलं. नोंदवहीतल्याच कुत्र्यांचा आपसात संकर करायचा, बाहेरचं रक्त येऊ द्यायचं नाही, आणि बक्षीस मिळवणारा एखादा नर शेकडो पिल्लांचा बाप होऊ द्यायचा, असं चालत राहिलं. त्यामुळे हवं ते रूप पक्कं होत गेलं आणि त्याच्यासोबत नको असलेले दोषही पक्के होत गेले.

हे नेमकं कसं होतं ते डाल्मेशियनवरून छान कळतं. या जातीत यूरिक आम्ल यकृताच्या पेशींत नेणारं जनुक बिघडलेलं आहे. मूळ जातीतल्या जवळपास प्रत्येक कुत्र्यात आई आणि बाप दोघांकडून आलेल्या प्रती बिघडलेल्याच असतात. त्यामुळे लघवीत यूरिक आम्ल साचतं, खडे होतात, आणि नरांची मूत्रनलिका अरुंद असल्याने लघवी अडून जिवावर बेतू शकतं. ठळक, सुबक ठिपक्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, तिच्यासोबत हा दोष पसरला असं मानलं जातं. सगळ्या जातीतच दोष असेल तर जातीच्या आत कितीही चांगली जोडी शोधली तरी उपयोग नाही. अमेरिकेत रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच जोडला. काही पिढ्यांत दिसायला अस्सल डाल्मेशियन आणि लघवी मात्र निरोगी, अशी कुत्री तयार झाली. तरीही अमेरिकन केनेल क्लबने ती नोंदवून घ्यायला २०११ साल उजाडलं. उपाय हाताशी असताना, केवळ रक्त 'शुद्ध' राहावं म्हणून, कुत्र्यांच्या कित्येक पिढ्यांना मुतखडे सोसावे लागले. मला ही गोष्ट फार लागते.

तेव्हा जात मनात ठरली की ब्रीडरला फोन करण्याआधी एखाद्या पशुवैद्याकडे जा. कुत्रं नसतानाही सल्ल्याची फी देऊन बसता येतं, आणि ते पैसे सत्कारणी लागतात. विचारायचं एवढंच: "या जातीची कुत्री तुमच्याकडे कशासाठी येतात?" डॉबरमनच्या बाबतीत हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन ते फुगण्याच्या आजाराचं नाव निघेल. डॅशहंड म्हटलं की मणक्यांमधली चकती सरकून मागचे पाय लुळे पडण्याची गोष्ट निघेल. ते आखूड पाय ज्या जनुकीय बदलांमुळे येतात त्यांतलाच एक बदल चकतीही अकाली कडक करतो. ग्रेट डेनमध्ये पोट फुगून पिळा पडतो आणि काही तासांत जीव जातो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये हृदयाची झडप गळू लागते आणि लहान कवटीत मेंदू दाटीवाटीने बसलेला असतो. या शेवटच्या जातीचं प्रजनन प्राणी कल्याण कायद्यात बसत नाही असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

दुसरी पायरी: चपट्या तोंडाची जात असेल तर श्वास ऐका

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, शिह त्झू, पेकिंगीज. आपल्याकडे यांत पगचा मान मोठा. २००३ च्या सुमाराला हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे फिरणारा पग आला आणि 'हचचा कुत्रा' हवा म्हणून लोक दुकानं शोधत सुटले. लहान फ्लॅट, फार भुंकत नाही, मुलांत रमतो. हे सगळं खरं आहे. पण याच जातींवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या हवेत सर्वांत जास्त हाल त्यांचे होतात.

तोंडाचं हाड आखूड झालं, पण आतले मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाले नाहीत. नाकपुड्या चिरेसारख्या बारीक, टाळूचा मागचा मऊ भाग लांब होऊन श्वासाच्या वाटेत लोंबणारा, जीभ जाड, काहींची श्वासनलिकाही अरुंद. प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो आणि त्या ओढीने घशातले भाग आणखी सुजतात. माणूस अंगभर घाम गाळून थंड होतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून थंड होतो. ज्याची धापेची वाटच अडलेली आहे त्याने नागपूर-चंद्रपूरचा मे महिना किंवा मुंबईची दमट दुपार कशी काढायची?

घोरणं, घरघरणं, खाताना ठसका लागणं हे "पगचं असंच असतं" म्हणून सोडून दिलं जातं. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्वासमार्ग अडण्याच्या या विकाराचा धोका पगमध्ये इतर कुत्र्यांच्या सुमारे ५४ पट आढळला. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता 'सर्वसाधारण कुत्रा' म्हणता येणार नाही, असं त्या संशोधकांनी म्हटलं. नेहमी दिसतं म्हणून ते निरोगी ठरत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पिल्लाच्या आईला पाहायला जा, आणि जमलं तर बापालाही. केंब्रिज विद्यापीठाने श्वासाची एक चाचणी तयार केली आहे. तीत आधी कुत्र्याचा घसा स्टेथोस्कोपने ऐकतात, मग त्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवतात आणि पुन्हा ऐकतात. निकाल शून्य ते तीन अशा श्रेणींत मिळतो. आपल्याकडच्या ब्रीडरकडे असा दाखला बहुधा नसेल, पण तीन मिनिटं चालवायला दाखला लागत नाही. सकाळच्या गारव्यात आईला पट्टा लावून अंगणात किंवा पार्किंगमध्ये चालवायला सांगा. चालून झाल्यावर चार पावलांवरून श्वासाचा आवाज ऐकू येत असेल, ती फेस टाकत असेल किंवा लगेच बसकण मारत असेल, तर त्या वेताचं पिल्लू घेऊ नका. मग नाक पाहा. नाकपुड्या उघड्या, गोलसर हव्यात. दोन डोळ्यांच्या मध्ये नाक जितकं बाहेर येईल तितकं चांगलं. नेदरलँड्समध्ये नाकाडाची लांबी डोक्याच्या लांबीच्या निदान एक तृतीयांश नसेल तर त्या कुत्र्यापासून पिल्लं काढायला मनाई आहे. २०१९ पासून हा नियम कसोशीने लावला जातो.

जाहिरातीत 'पंच फेस' असं मिरवून लिहिलेलं असतं. म्हणजे तोंड इतकं चपटं की ठोसा बसल्यासारखं, आणि त्यासाठी भाव वाढवून सांगतात. तुम्ही नेमकं उलटं मागा. ब्रीडर "ती पेट क्वालिटी" (म्हणजे प्रदर्शनाच्या तोडीचं नाही, नुसतं घरी पाळण्याजोगं) म्हणून जे थोड्या लांब नाकाचं पिल्लू बाजूला ठेवतो, श्वासाच्या हिशेबाने बहुतेकदा तेच सरस असतं.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा: "आई नॉर्मल व्याली की सिझेरियन?" मोठं डोकं आणि अरुंद कंबर यांचा मेळ बसत नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंग्लिश बुलडॉगच्या सुमारे ८६ टक्के आणि फ्रेंच बुलडॉगच्या सुमारे ८१ टक्के वेतांत सिझेरियन करावं लागलं होतं. ज्या जातीला आपली पिल्लं आपणहून जन्माला घालता येत नाहीत तिच्याबाबत थांबून विचार करावा, हे माझं स्पष्ट मत आहे. फ्रेंच बुलडॉग आणि इंग्लिश बुलडॉग मी पहिल्यांदा कुत्रं पाळणाऱ्या कुणालाही सुचवत नाही.

तिसरी पायरी: लॅब्रेडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड असेल तर एक्स-रे मागा

या जातींचं मोठं दुखणं म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोबणीत घट्ट बसायला हवा. तो सैल राहिला की हाड हाडावर घासतं आणि संधिवात जडतो. याला एखादं जनुक जबाबदार नसतं, अनेक जनुकं मिळून हे घडवतात. म्हणून याची डीएनए चाचणी करून निकाल लावता येत नाही. आई-बापांचे सांधे एक्स-रेवर पाहणं हाच मार्ग. ब्रिटनमध्ये दोन्ही खुब्यांचे मिळून शून्य ते १०६ असे गुण देतात. गुण जितके कमी तितका सांधा चांगला. तिथे निदान एक वर्षाच्या, तर अमेरिकेत पक्क्या दाखल्यासाठी दोन वर्षं पूर्ण झालेल्या कुत्र्याचाच एक्स-रे धरतात. "आमची मादी मस्त पळते" हे उत्तर पुरेसं नाही, कारण सांधा खराब असूनही तरुण कुत्री पळतात. आई-बाप दोघांच्या खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे आणि त्यावर पशुवैद्याचं लेखी मत मागा. ब्रीडरने काढला नसेल तर "खर्च मी देतो, काढू या" असं म्हणून पाहा. त्यावर तो काय बोलतो यावरूनच बरंच कळतं. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा इतर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं अशा तपासणीसाठी विचारण्याजोगी आहेत.

'हेवी बोन' हाही असाच एक मोठेपणाचा शब्द. जाड हाडाचं, गुबगुबीत, वजनदार पिल्लू म्हणजे सुदृढ असं समजू नका. वाढत्या सांध्यांवर ते वजन पडतं.

लॅब्रेडॉर आणि कॉकर स्पॅनियलमध्ये डोळ्याचा आतला पडदा हळूहळू झिजून आंधळेपण येण्याचा एक आजार आहे. त्याची मात्र डीएनए चाचणी होते. गालाच्या आतून फिरवलेला बोळा किंवा थोडं रक्त पुरतं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू आंधळं होतं. एकाकडूनच आला तर कुत्रा आयुष्यभर नीट पाहतो, पण पुढे दोष देऊ शकतो. अशा वाहक कुत्र्याची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली तर एकही पिल्लू आंधळं होत नाही. वाहक म्हणजे वाईट असं नाही. दोन वाहकांची न तपासता लावलेली जोडी वाईट. चाचणी कुठली केली, कधी केली आणि कागदावरचा मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) नंबर समोरच्या कुत्र्याचाच आहे का, हे तीन मुद्दे तपासा.

चौथी पायरी: पेपर वाचा, नुसते ठेवून घेऊ नका

"केसीआय पेपर आहेत" म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाकडे वंशावळीची नोंद आहे. या कागदातून पिल्लाचे पूर्वज कळतात, तब्येत कळत नाही. हा फरक न कळल्यामुळे लोक पेपरवाल्या पिल्लाला जास्त पैसे मोजून निर्धास्त होतात.

तरी वंशावळ फार उपयोगाची आहे. तीन पिढ्यांची मागा: दोन आई-बाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा, अशी चौदा नावं. पेन घेऊन बसा आणि दोनदा आलेल्या नावाला गोल करा. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांच्या जोडीतून आलेल्या पिल्लात, जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते. सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. नात्यात लग्न ठरलं तर हल्ली आपल्याकडचे लोक डॉक्टरांना विचारायला जातात. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र त्याच गोष्टीला 'लाइन ब्रीडिंग' म्हणून भाव चढतो. ब्रिटनच्या केनेल क्लबने २००९ पासून बाप-लेक, माय-लेक आणि सख्ख्या भावंडांच्या जोडीची पिल्लं नोंदवणं बंद केलं. 'चॅम्पियन लाइन'च्या कागदावर एकाच चॅम्पियनचं नाव तीन ठिकाणी दिसलं तर ते पिल्लू नको.

पाचवी पायरी: ब्रीडरच्या घरी

कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिची वीण घेता येत नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. "३५ दिवसांचं पिल्लू रेडी आहे" अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा.

भेटीला दुपारी जाऊ नका, सकाळी जा, आणि हायवेवर गाडीत पिल्लू आणून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर काहीही कारण दिलं तरी परत फिरा. आई दिसली तर तिच्याकडे पिल्लांपेक्षा जास्त वेळ पाहा. ती उठताना पुढच्या पायांवर जोर देते का, मागचे पाय सशासारखे एकदम टाकते का, डोळ्यांतून सतत पाणी येतं का, कातडीच्या घड्यांना वास येतो का, माणसांना घाबरून कोपऱ्यात जाते का. भित्रेपणाही पिल्लांत उतरतो. मग विचारा: आजी-आजोबा आहेत का, नसतील तर कशाने आणि कितव्या वर्षी गेले, आधीच्या वेताची पिल्लं कुणाकडे आहेत. त्यांतल्या दोघा मालकांशी फोनवर बोला. चांगला ब्रीडर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुम्हाला घर केवढं, दिवसभर घरी कोण असतं, असं विचारायला लागतो.

पैसे देताना साधा लेखी करार करा: दहा दिवसांच्या आत तुमच्या पशुवैद्याने तपासून जन्मजात दोष दाखवला तर पिल्लू परत घेणार की उपचारांचा खर्च देणार. तोंडी आश्वासन कामाला येत नाही.

सहावी पायरी: पहिलं वर्ष

जनुकं बदलता येत नाहीत, पण त्यांचा त्रास कमी-जास्त होणं बरंचसं आपल्या हातात असतं. सगळ्यांत मोठा इलाज म्हणजे वजन. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉरांवर त्यांच्या जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात निम्म्या कुत्र्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं होतं. ती कुत्री आपल्या जोडीदारांपेक्षा सरासरी सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवाताचा त्रास उशिरा सुरू झाला. लॅब्रेडॉर सदा भुकेला दिसतो त्यालाही कारण आहे: केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये सुमारे पाव लॅब्रेडॉरांत पोट भरल्याची जाणीव कमी करणारा जनुकीय बदल सापडला. तो खरोखर भुकेला असतो, म्हणून त्याला रागावू नका. पण ताटातली पोळी देऊही नका. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत.

मोठ्या जातीच्या पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत जिना चढू-उतरू देऊ नका, उचलून न्या. नॉर्वेतल्या एका अभ्यासात या वयात रोज जिना वापरणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आणि मऊ मातीवर मोकळं खेळणाऱ्यांत कमी आढळला. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात. जिथे तो जास्त वावरतो तिथे रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी अंथरा.

चपट्या तोंडाचं पिल्लू असेल तर गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा. उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावर. घड्या रोज कोरड्या पुसा, डोळा लाल किंवा धुरकट दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वर्षभराच्या आत पशुवैद्याकडून नाकपुड्या आणि टाळू तपासून घ्या. शस्त्रक्रिया लागणार असेल तर घशातले भाग ढिले पडण्याआधी केलेली बरी. उन्हाने कोसळला तर आधी नळाचं पाणी अंगभर ओता, पंख्याखाली घ्या, आणि मग एसी लावलेल्या गाडीतून दवाखान्यात न्या. नुसतं घेऊन पळण्यात मोलाची मिनिटं जातात.

पुढे

तुमचा कुत्रा मोठा झाला की सोसायटीतून विचारणा सुरू होईल: "तुमचा लॅब, आमची लॅब, एक वेत घेऊ या का?" मादीला एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, नाहीतर ती आजारी पडते, असंही कुणीतरी ठासून सांगेल. याला वैद्यकीय आधार नाही. वर सांगितलेले एक्स-रे आणि चाचण्या दोन्हीकडे झालेल्या नसतील तर नकार द्या आणि नसबंदी कोणत्या वयात करायची ते पशुवैद्याला विचारा. मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला ते सांगू शकतात.

जातच हवी असा हट्ट नसेल तर रस्त्यावरचं देशी पिल्लू दत्तक घ्या. त्यांच्यात रूपासाठी निवड झालेली नाही, तोंडं लांब आहेत, आपलं ऊन त्यांना सोसतं. मराठवाड्याचा कारवानी हाही मनात येईल. सडसडीत, काटक, शिकारीसाठी घडलेला. पण त्याला पळायला रान लागतं. दोन खोल्यांच्या घरात त्याला डांबणं मला योग्य वाटत नाही. आणि फॅशन म्हणून त्याची मागणी वाढली तर एखाद-दुसऱ्या नरापासून भराभर पिल्लं काढणारे तिथेही येतील, तेव्हा त्याच्याही आई-बापांबद्दल हेच प्रश्न विचारा.

आणि कधी तुमच्या कुत्र्याला वंशपरंपरेने आलेला आजार निघाला, तर रिपोर्टची एक प्रत ब्रीडरला पाठवा आणि त्याच वेताच्या इतर पिल्लांच्या मालकांनाही कळवा. त्या मादीचं पुढचं वेत ठरलेलं असू शकतं.